शेवटच्या दगडाची भाकर

ला कूद्र, ईस्टरनंतरचा तिसरा सोमवार, ११५८

…चुलीतली राख काढून मी कोबीच्या वाफ्यात टाकली. शेळीचं दूध काढलं, कोंबड्यांना कोंडा घातला. जवाचं पीठ मळून फडक्याखाली झाकून ठेवलं. मग पाण्याची बादली उचलली आणि नेहमीसारखं वर पाहिलं.

एव्रार भावोजी, मी रोज पाहते. तुमचे दादा गेल्याला तीन हिवाळे झाले, एक सकाळ चुकलेली नाही. ओकच्या झाडांवर तुमच्या मठाचा मनोरा दिसला की विहिरीवर जायचं. धुकं असलं तर थांबायचं. शेजारीण हसते. म्हणते, "रिशील्द, रात्रीत कुणी चोरून नेईल का तो?"

त्या सकाळी मनोऱ्यावर माणसं होती. परांची बांधत होती. मी बादली खाली ठेवली आणि अंगणातच बसले.

तुम्हाला ठाऊक आहे, माथ्याचे दोन थर राहिले होते. शेवटच्या थंडीत छातीत बसलेली दगडाची धूळ त्यांना श्वास घेऊ देत नव्हती, तरी ते उशीला टेकून म्हणायचे, "दोनच थर गं. मार्च उजाडू दे." मार्च उजाडला, ते नव्हते. मग मठानंही काम सोडून दिलं. मला वाटलं होतं, आता तो तसाच बोडका राहणार.

म्हणजे तुम्हीच मनावर घेतलंत ना, भावोजी? तुम्ही पत्रात एका शब्दानं बोलला नाहीत. लहानपणापासून तुमचं हे असंच.

आपली रीत तुम्ही विसरला नसाल, तुम्हीही पाथरवटाच्याच घरचे. शेवटचा दगड बसतो त्या दिवशी, ज्यानं काम उभं केलं त्याच्या घरून भाकर, चीज आणि वाईन जाते. माणूस नसला तर बाईनं पाठवायची. नाही पाठवली तर ते काम पोरकं राहतं. मी पीठ बाजूला काढून ठेवलंय. दिवस कळवा. दाराच्या आत बाईचं पाऊल चालत नाही, तेव्हा चुन्याची गाडी हाकणाऱ्या गीबेरच्या हाती पाठवीन.

तुमची वहिनी,
रिशील्द

•

व्होसरीन मठ, स्वर्गारोहणाचा सण

वहिनी,

पत्र मिळालं. तुमचं अक्षर सुधारलंय. आमच्या शाळेत पोरं छड्या खाऊन जे शिकतात ते तुम्ही पाठ असलेली प्रार्थना पोथीतल्या ओळींशी जुळवत एकटीनं शिकलात, हे मी मठाधिपतींना सांगितलं. आमची पत्रं आधी तेच वाचतात, जातानाही आणि येतानाही.

परांचीबद्दल विचारलंत. काम चालू आहे खरं. दिवस नक्की सांगता येत नाही. भाकर पाठवायची तसदी घेऊ नका. इथले नियम कडक आहेत, आणि तुमच्या घरी पीठ काही उतू जात नाही.

लांद्रीदादासाठी रोज प्रार्थना होते. मी यंदा बांधकामावर देखरेखीला आहे, त्यामुळे लिहायला वेळ कमी मिळतो.

शेळीला व्यायला त्रास झाला होता, ती आता बरी आहे का?

एव्रार

•

ला कूद्र, संत योहानाच्या सणाची पूर्वसंध्या

भावोजी,

शेळी बरी आहे. दोन पिलं, दोन्ही माद्या.

तुम्ही नको म्हणालात, दिवसही कळवला नाहीत, तरी मी भाकर आधीच पाठवली. तुम्हाला माझ्या पिठाची काळजी वाटली, हे कळलं. पण ही भाकर पोटाची नाही, मानाची आहे. तुमचे दादा असते तर त्यांनीच "जास्त लोणी घाल" म्हटलं असतं. मी सहा मोठ्या भाकरी केल्या, वर चाकूनं त्यांची दगडावर कोरायची खूण काढली, तीच, गळाच्या आकड्यासारखी वाकडी रेघ आणि तिच्या पोटात दोन टिंबं. चीज माझ्या शेळीचं. वाईन शेजारणीकडून आणली.

गीबेरनं टोपली गाडीत ठेवली आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी चर्चची घंटाच दान देतेय. मी म्हटलं, "काय बघतोस? रीत आहे आमची." तो म्हणाला, "बाई, तू मोठ्या मनाची आहेस हो." टोपी काढून म्हणाला. गीबेर कुणासमोर टोपी काढत नाही.

भावोजी, एक विचारायचं आहे. मला मनोरा बुटका दिसायला लागलाय. आधी ओकच्या शेंड्यावर चांगला दोन हात दिसायचा, आता एकच दिसतो. ओक वाढला म्हणावं तर एका वसंतात तो किती वाढेल? शेजारणीला विचारलं तर ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "तुझे डोळे म्हातारे झाले." तसंच असेल. रात्री दिव्यापाशी वाचते त्याचा परिणाम. माझी आईही या वयात सुईत दोरा ओवू शकत नव्हती.

डोळे गेले तर मला दुसरं काही वाटणार नाही. सकाळचं तेवढं चुकेल.

ते आतल्या कमानींचं मला नेहमी सांगायचे. दोन्ही हात जोडून बोटांची टोकं टेकवायचे आणि म्हणायचे, "अशा. जुन्या देवळातल्या गोल कमानी भिंतीला बाहेर ढकलतात, म्हणून भिंत जाड लागते आणि आत अंधार. या टोकदार कमानी भार सरळ खाली पायाशी नेतात. भिंत मोकळी होते. तिला खिडकी पाडावी तेवढी मोठी." मी त्या जोडलेल्या हातांच्या खाली दिवा धरायची. आमचं देऊळ एवढंच, भावोजी. खरं देऊळ तुमच्या वाट्याला आलं. माझ्या वाट्याला मनोरा आला, मी कधी कुरकुर केली नाही.

शेवटचा दगड कोण बसवणार ते कळवा.

रिशील्द

•

व्होसरीन मठ, जुलै

वहिनी,

टोपली पोचली. माणसांनी सगळं खाल्लं. चीजचं कौतुक झालं.

डोळ्यांसाठी आमच्या औषधघरातून बडीशेपेचं पाणी पाठवतोय. सकाळ-संध्याकाळ दोन थेंब घालायचे. रात्री वाचू नका.

एव्रार

•

ला कूद्र, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा दुसरा दिवस

एव्रार,

आज भावोजी म्हणवत नाही.

तुमची बाटली परत पाठवतेय. बुचाला हात लावलेला नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? मी आठवडाभर थेंब घातले. डोळे चुरचुरायचे, ते पुसून वर पाहायची, आणि मनोरा आणखी बुटका. मी देवाला म्हणायची, राहू दे, जेवढा दिसतो तेवढा पुरे.

मग सणाच्या दिवशी देवळातून येताना गीबेर भेटला. म्हणाला, "आता फार दिवस नाहीत बाई. घंटेच्या खिडक्यांपर्यंत उतरवलाय."

मी म्हटलं, "काय उतरवलाय?"

तो थांबला. त्याच्या बैलांनाही कळलं असावं, तेही थांबले. म्हणाला, "तुला ठाऊक नाही? मग भाकर कसली पाठवलीस? आम्ही तर म्हटलं, नवऱ्याचं काम पाडणाऱ्यांना जेवू घालते, ही बाई संतपदाला जाणार! कामावरचा एकजण खाताना रडला, माहीत आहे?"

"आणि एव्रार?" मी विचारलं.

"तो टोपलीजवळ उभा होता. खाल्लं नाही त्यानं. पण बोललाही नाही. ते लोक बोलतात कुठे!"

मी तिथूनच मठाच्या दारावर गेले. सणाच्या कपड्यांत. तुमच्या दारावरच्या म्हाताऱ्या बंधूनं झडप उघडली. मी म्हटलं, मठाधिपतींना भेटायचंय. तो म्हणाला, "मुली, ते बाईमाणसाला भेटत नाहीत." मी म्हटलं, "मग बांधकामावरच्या एव्रारला बोलवा, तो माझा दीर आहे." तो म्हणाला, "इथे कुणी कुणाचा दीर नसतो." वाईट बोलला नाही, मऊ आवाजात बोलला, त्यानं जास्त लागलं. मग झडपेतून मला पाण्याचा पेला दिला आणि म्हणाला, "ऊन आहे, हळू जा."

तो हळू जा म्हणाला, एवढंच मला त्या भिंतीतून मिळालं.

मला भांडता येत नाही लिहून. बोलून आलं असतं. पाडायचाच होता तर वीस वर्षं बांधून का घेतलात? त्यांच्या छातीत जी धूळ गेली ती परत काढून देता येईल का तुम्हाला? थडग्यावर त्यांच्या लाकडी क्रूस आहे, पाथरवटाच्या थडग्याला दगड मिळाला नाही. मी म्हणायची, असू दे, त्यांचा दगड पलीकडे उभा आहे, सगळ्या खोऱ्याला दिसतोय.

जेवढा राहिलाय तेवढा राहू द्या. बुटका चालेल. ओकची एक फांदी मी तोडून घेईन, मला दिसेल. मठाधिपतींना हे वाचून दाखवा, नाहीतरी ते वाचणारच आहेत. महाराज, जेवढा आहे तेवढा राहू द्या.

आणि तुम्ही, एव्रार, मला माझ्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावलात. मनोऱ्यापेक्षा तेच मला समजत नाही.

रिशील्द

•

व्होसरीन मठ, पवित्र क्रूसाचा सण

वहिनी,

हे पत्र पोचेल तेव्हा मनोरा देवळाच्या छपराच्या खाली गेलेला असेल. तुम्ही काही पाहायला बाहेर येऊ नका. नाही, या. तुम्ही येणारच.

तुमचं पत्र मठाधिपतींनी वाचलं, आणि सभेतही वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. पण निर्णय आमच्या एका मठाचा नाही. आमच्या पंथाच्या सगळ्या मठांचे अधिपती वर्षातून एकदा जमतात. त्यांनी ठरवलं, दगडी मनोरा कुठेही बांधायचा नाही, आहे तो उतरवायचा. घंटेला लाकडाची छोटी चौकट पुरे. आम्ही जग सोडून खोऱ्यात आलो ते कुणाला दुरून दिसावं म्हणून नाही.

आता जे गीबेरला ठाऊक नाही ते सांगतो. आमच्या मठाच्या सभेत मठाधिपतींनी प्रत्येकाला विचारलं. काही मठ टाळाटाळ करतायत, आपणही केली असती तर चाललं असतं. माझी पाळी आली. मी म्हणालो, पाडा. आज विचारलं तरी तेच म्हणेन.

तुम्ही आतलं देऊळ पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला मनोरा मोठा वाटतो. दादाचं मोठं काम आत आहे. तिथे काचेला रंग नाही, खांबाला पानफूल नाही. सकाळची प्रार्थना सुरू होते तेव्हा उजेड पूर्वेच्या भिंतीवर असतो, संपते तेव्हा तो खाली फरशीवर आलेला असतो, बाकी काही घडत नाही. आम्ही थोडी माणसं गातो पण दगड आवाज धरून ठेवतात, आणि खूपजण गातायत असं वाटतं. ज्यांना मी कधी पाहिलं नाही तेही. घर सोडून मी जे शोधायला आलो ते माझ्याच भावानं बांधून ठेवलं होतं. त्या देवळाच्या डोक्यावर तो मनोरा मला टोपी घातल्यासारखा वाटायचा.

एकदा मी दादाला तसं बोललोही. तेव्हा बोलायची परवानगी होती, कामावर होतो. म्हटलं, "दादा, घंटेला एवढी उंची कशाला? तू गर्वानं बांधतोयस." तो चुन्याचे हात पुसत म्हणाला, "गर्व कसला रे! ओकच्या वर गेल्याशिवाय रिशील्दला अंगणातून दिसणार कसा?" मग म्हणाला, "तुझ्या देवाला आतून दिसतंय. तिला कुठून दिसणार?"

हे मी सभेत सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी निकाल तोच लागला असता, आणि तुमचं नाव तिथे घ्यायची इच्छा झाली नाही. तुम्हालाही कळवता आलं नाही. दर वेळी लेखणी घेतली की तुमची भाकर आड यायची, नाहीतर शेळीची पिलं. थेंब पाठवले तेव्हा मला वाटलं, एवढ्यात हिवाळा येईल, धुकं येईल.

दगड दोरानं खाली सोडतात तेव्हा खाली मी उभा असतो. छिन्नीचे घाव तिरके, डावीकडे झुकलेले. दादा डावरा होता. दुसऱ्या कुणाचे तसे पडत नाहीत. रोज संध्याकाळपर्यंत मी ते हातांनी उतरवून घेतो.

सभेत मी एकच मागितलं. दगड धान्याच्या कोठाराला जायचे होते. मी म्हटलं, मनोरा जिच्यासाठी होता तिच्या हाती ते लागले पाहिजेत. 'जिच्यासाठी' कोण, ते कुणी विचारलं नाही. आमच्या बाहेरच्या दारापुढे, वाटसरूंसाठी आणि बायकांसाठी प्रार्थनाघर बांधायचं बरीच वर्षं चाललं होतं. आता ते या दगडांचं होईल. दाराच्या बाहेर. तिथे तुम्हाला कुणी अडवणार नाही.

हे पत्रही मठाधिपतींनी वाचलं आहे. एक शब्दही खोडला नाही.

एव्रार

•

व्होसरीन मठ, देवदूताच्या संदेशाचा सण, ११५९

वहिनी,

हिवाळाभर तुमचं पत्र आलं नाही. गीबेर सांगतो, तुम्ही बऱ्या आहात, पण अंगणात दिसत नाही.

दारापुढच्या प्रार्थनाघराचे पाये थंडीआधी भरले होते. भिंतीवर पेंढा आणि शेण घालून झाकून ठेवलं होतं, ते या आठवड्यात काढलं. पाणी मुरलेलं नाही. काम छातीइतकं वर आलंय. उन्हाळ्यात कमान चढेल, टोकदारच.

मला दाराबाहेर यायची परवानगी नाही. मागितली होती. देखरेखीचं काम दुसऱ्याकडे गेलं, मी आता शाळेत पोरांना शिकवतो.

येऊन पाहा.

एव्रार

•

ला कूद्र, ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा

भावोजी,

अक्षर वाकडं आलंय, बोटं चुन्यानं खाल्लीत. कारण पुढे येईलच.

हिवाळ्यात मी लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. सकाळी राख काढायची, दूध काढायचं, पीठ मळायचं. बादली घेऊन बाहेर गेले की मान खाली घालून विहिरीवर जायची. एक दिवस चुकून वर पाहिलं. नुसता ओक होता. मला वाटायचं, त्यांनी तो माझ्यासाठी उंच केला हे कळल्यावर बरं वाटेल. बरं नाही वाटलं. त्यांनी ते मला का नाही सांगितलं? वीस वर्षं दाराशी जेवणाचं फडकं घेऊन जायची मी, एकदाही म्हणाले नाहीत. तुम्ही दोघे भाऊ सारखेच. सांगायची गोष्ट दगडात घालून ठेवता.

तुमच्यावर राग आहे अजून. कमी झालाय, गेलेला नाही. तुम्हाला पुन्हा विचारलं तर पुन्हा पाडा म्हणाल, हे तुम्ही लिहिलंत ते एक बरं केलंत. तुम्ही माफी मागितली असती तर मी काय केलं असतं?

सोमवारी गेले. दारापुढे चार गवंडी आणि एक दाढीवाला बंधू. मी भिंतीपाशी जाऊन खूण शोधायला लागले, आकडा आणि दोन टिंबं. एका बाजूनं पाहिलं, मग फिरून दुसऱ्या बाजूनं. गवंड्यांचा मुकादम वरून म्हणाला, "काय हरवलं, बाई?"

मी म्हटलं, "लांद्रीची खूण शोधतेय."

"ती नाही मिळायची. जुना दगड फिरवून लावतात. ऊनपाऊस खाल्लेलं तोंड आत, ताजं घडवून नवं तोंड बाहेर. खुणा सगळ्या आत गेल्या."

"सगळ्या?"

"चुन्याखाली. शंभर वर्षांनी कुणी हे पाडलं तर दिसतील." मग त्याला कळलं असावं, खाली उतरून डोक्यावरची टोपी हातात घेऊन म्हणाला, "तू त्याची कोण?"

मी सांगितलं. मी भिंतीवर दोन्ही हात ठेवले. दक्षिणेकडून दगड ऊबदार होते, उत्तरेकडून गार. त्यातला कुठला माथ्याचा, कुठला घंटेजवळचा, काही कळलं नाही. तुम्हाला घाव ओळखता आले, तुम्ही त्यांच्याबरोबर छिन्नी धरलेली. मला त्यांचे हात ठाऊक आहेत, दगड नाहीत. इतकी वर्षं मी लांबून बघत होते ते जवळून मला परकं आहे, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

तेवढ्यात आतून तुमचं गाणं सुरू झालं. मी दाराच्या फळीला कान लावला. म्हाताऱ्या बंधूनं झडप उघडली आणि मला पाहून पुन्हा लावून घेतली, कडी मात्र नाही घातली. खूप माणसं गातायत असं वाटलं खरं. तुमचा आवाज कुठला ते नाही ओळखता आलं. तुम्ही मठात गेलात तेव्हा तुमचा आवाज नुकता फुटला होता, तोच माझ्या कानात आहे.

गाणं संपलं. मी निघाले. मागे मुकादम कुणावर तरी ओरडत होता, "चुना घट्ट झाला, कालवणारी बाळंतपणाला गेली, आता मी काय तोंडानं कालवू?" दाढीवाला बंधू खुणेनंच गप्प राहा म्हणत होता, आणि मुकादम म्हणत होता, "तुझं मौन तुझ्यापाशी ठेव, मला दोन हात दे."

मी घरी आले. भाकर केली, एकटीनं खाल्ली, झोपले.

दुसऱ्या दिवशी शेळीला शेजारणीकडे बांधलं, बाह्या वर बांधल्या, आणि मठाच्या दारापुढे जाऊन संध्याकाळपर्यंत चुना कालवला.

रिशील्द